मराठीत काहीच नाही, हे कोणी सांगितलं?

'नेटवर सगळं इंग्रजीत, फार तर हिंदीत. मराठीत धड काही नाही; आणि जे फुकट आहे, त्याला दर्जा नाही.' मराठीच्या भवितव्यावरच्या परिसंवादात हे वाक्य हमखास ऐकू येतं. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटातही ते फिरत असतं. 'घरबसल्या व्हिडिओ बनवायला शिका' म्हणत शे-पाचशे रुपये मागणाऱ्या जाहिरातीची तर सुरुवातच त्याने होते. परिसंवादात त्याला टाळ्या पडतात, गटावर अंगठे उठतात, जाहिरातवाल्याला पैसे मिळतात. वाक्य खरं आहे की नाही हे पाहण्याची गरज तिघांपैकी कोणालाच पडत नाही.

ते खरं नाही. चालायचंच म्हणून सोडून देण्यासारखंही नाही, कारण त्याच्या आडोशाने दोन सवयी चांगल्याच पोसल्या गेल्या आहेत. जे सगळ्यांसाठी राजरोस खुलं करून ठेवलंय ते शोधायचं नाही, आणि जे दुसऱ्याच्या मालकीचं आहे ते 'मराठीत दुसरं मिळतंच कुठे?' म्हणत उचलायचं.

आधी 'काही नाही'चा हिशेब पाहू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, तोही १८५७ची सुधारलेली आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शब्दागणिक शोधता येतो. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' तिथेच आहे. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही तिथेच. एकेक कोश उघडायचा कंटाळा असेल तर 'बृहद्कोश' या संकेतस्थळावर अनेक कोश एकाच खिडकीत चाळता येतात. भाषा संचालनालयाने विषयवार काढलेले परिभाषा कोश नेटवर आहेत. 'विज्ञानाला मराठीत शब्दच नाहीत' असं व्यासपीठावरून सांगणाऱ्या किती जणांनी त्यातला एक तरी उघडून पाहिला असेल, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईहून उभ्या केलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज त्याचे वीसही खंड मोफत वाचता येतात आणि ज्ञानमंडळांमार्फत नव्या नोंदींची भर पडत असते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तकं पीडीएफ करून ठेवली आहेत. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय त्यामुळे विकत घ्यावं लागत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं उतरवून घेता येतात, आणि स्पर्धा परीक्षेची पोरं तीच पुस्तकं रद्दीच्या दुकानात शोधत हिंडतात. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळ्या आणि जुन्या वर्तमानपत्रांतून खेळणी कशी करायची याचे व्हिडिओ आणि हजारो पुस्तकं आपल्या संकेतस्थळावर ठेवली. त्यात मराठी पुस्तकं भरपूर आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

मग हे सापडत का नाही? इथे तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. कित्येक वर्षं मराठी मजकूर ज्या फॉन्टांत जुळवला जायचा, ते युनिकोड नव्हते. पडद्यावर 'म' दिसायचा, आत मात्र एखादं रोमन अक्षर साठवलेलं असायचं. अशा पीडीएफमधला मजकूर शोधयंत्राला अगम्य रोमन गिचमिड वाटतो. त्यात 'सिंचन' शोधायला जाल तर काही हाती लागत नाही. जुन्या पुस्तकांचे स्कॅन तर नुसती चित्रंच असतात. म्हणजे मराठी मजकूर नेटवर आहे, पण शोधयंत्रापासून लपलेला आहे. याला उपाय आहेत: शासकीय आणि संस्थांच्या संकेतस्थळांवर थेट जाणं, पुस्तकाचं नाव देवनागरीबरोबर रोमनमध्येही टाकून पाहणं, इंटरनेट आर्काइव्हवर लेखकाच्या नावाची तीन-चार स्पेलिंगं आजमावणं. कटकट आहे खरी. पण कटकट आहे म्हणणं वेगळं आणि काहीच नाही म्हणणं वेगळं.

मराठी विकिपीडियाबद्दलही हेच. २००३च्या महाराष्ट्र दिनी तो सुरू झाला आणि आज त्यातल्या लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे. त्यातले पुष्कळ लेख दोन-तीन ओळींचे आहेत, हा आक्षेप बिनतोड आहे. पण २०११च्या जनगणनेप्रमाणे मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा, आणि त्या लेखांना नियमित हात लावणारे मूठभर. लेख तोकडे राहिले याचा जाब त्या मूठभरांना विचारायचा की उरलेल्यांना?

दर्जाचा मुद्दा त्याहून पोकळ आहे. मार्च २०२५मध्ये पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाचं ऑस्कर लॅटव्हियाच्या 'फ्लो'ला मिळालं. पुरात सापडलेल्या एका मांजराची ही बिनसंवादाची गोष्ट ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली, आणि ब्लेंडर कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. ते कायम फुकट नव्हतं. २००२ साली ते विकणारी कंपनी बुडाली, तेव्हा त्याचा जनक टॉन रोसेन्डाल याने एक लाख युरो जमवून ते सर्वांसाठी मोकळं करायचं ठरवलं. सात आठवड्यांत पैसे जमले. हॉलिवुडच्या बड्या स्टुडिओंच्या नाकावर टिच्चून ऑस्कर आणणारं हत्यार ज्यांना हलकं वाटतं, त्यांनी आपल्या कामाची पातळी एकदा तपासलेली बरी.

आणि ब्लेंडर शिकायचं मराठीत कुठे? इथे मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचं नाव घ्यावंच लागतं. प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी उभ्या केलेल्या या प्रकल्पात लिब्रेऑफिस, गिम्प, इंकस्केप, पायथन, ब्लेंडर अशा मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत आणि त्यांतले अनेक मराठी निवेदनासह आहेत. ते बनतात कसे हे पाहण्यासारखं आहे. आधी संहिता लिहितात, दोन रकान्यांत: डावीकडे पडद्यावर काय घडणार, उजवीकडे निवेदक काय बोलणार. मग ते सॉफ्टवेअर कधी न हाताळलेल्या नवशिक्याला ती संहिता देतात. तो अडखळला की संहिता बदलते. त्यानंतर ध्वनिमुद्रण, आणि मग भारतीय भाषांतलं निवेदन मूळ चित्राच्या वेळेत बसवायचं. पडदा इंग्रजीच राहतो. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण नोकरीच्या ठिकाणी समोर 'फाइल' आणि 'इन्सर्ट'च येणार. समजावणं तेवढं मराठीत. शिकणाऱ्याने अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्या पडद्यावर सॉफ्टवेअर उघडायचं, थांबवत-थांबवत स्वतः करून पाहायचं. एकदा उतरवून घेतलं की नेटचीही गरज नाही. पैसे घेऊन चालणाऱ्या किती शिकवण्यांत पाठ आधी नवशिक्यावर तपासून घेतात?

अभियांत्रिकीच्या पोरांना एनपीटेल ठाऊक असतं. २००३मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ते सुरू केलं. व्याख्यानं ऐकायला दमडी लागत नाही. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क भरायचं. लहान मुलांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर २०१५पासून आहे. त्यावरच्या गोष्टी ज्या परवान्याखाली दिल्या आहेत त्यानुसार लेखक-चित्रकाराचं नाव दिलं की गोष्ट भाषांतरित करता येते, छापता येते, विकतासुद्धा येते. मेळघाटातल्या शिक्षकाने मराठी गोष्ट कोरकूत नेऊन वर्गात वाटली, तर त्याला कोणाच्या परवानगीचा कागद लागत नाही.

'शिकण्यापुरतं ठीक आहे हो, पण काही बनवायला घेतलं की खिशात हात घालावाच लागतो,' हा पुढचा युक्तिवाद. तोही तपासून पाहू. समजा, कोणाला सिंहगडावर दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे.

माहितीसाठी बॉम्बे गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्याचा खंड आहे, १८८५चा. जुनी गॅझेटिअर्स राज्याच्या दर्शनिका विभागाने नेटवर आणली आहेत. गडावर जायच्या वाटा, दरवाजे, टाकी यांचं जे वर्णन त्यात आहे ते एखाद्या बऱ्या फिरस्त्याच्या तोंडात मारेल असं आहे. अर्थात ते साहेबाच्या नजरेचं, म्हणून १६७०च्या लढाईसाठी शेजारी सभासदाची बखर ठेवावी. तिच्यावर आज कोणाचाच हक्क नाही. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्यावा. तिथे अट एकच, ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांना श्रेय द्यायचं. जी छायाचित्रं स्वतः काढता आली नाहीत ती विकिमीडिया कॉमन्सवर शोधावीत. प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो. वाऱ्यापावसाचा आवाज हवा असेल तर बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५पासून चालवलेल्या फ्रीसाउंडवर जावं. तिथे मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. काही ध्वनी पूर्ण मोकळे आहेत, काहींना नाव देणं सक्तीचं आहे, आणि काही व्यावसायिक वापराला बंद आहेत. चॅनेलवर जाहिराती चालू असतील तर तिसऱ्या प्रकाराला हात लावू नये.

शीर्षकाच्या अक्षरांसाठी चोरीचा फॉन्ट टाकायची आपल्याकडे जुनी रीत. नाक्यानाक्यावरचे फलक तसेच होतात. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहेत: छापा, व्हिडिओत वापरा, त्यावर पैसेही कमवा, फक्त फॉन्टच सुटा विकायला बसू नका. राज्य मराठी विकास संस्थेसाठी तयार झालेला 'यशोमुद्रा'ही आहे. जोडाक्षरं नीट पडतात, रफार जागेवर बसतो. आवाज ऑडॅसिटीत साफ करावा, जुळणी केडेनलाइव्ह किंवा शॉटकटमध्ये. शेवटी व्हिडिओच्या वर्णनात चार ओळी: छायाचित्र अमक्याचं, विकिमीडिया कॉमन्सवरून, सीसी बाय-एसए ४.० परवान्याखाली, नकाशा अमुक, आवाज तमुक. खर्च आला तो नेटचा, विजेचा आणि वेळेचा.

ती चार ओळींची नोंद मात्र नको असते. तिच्याऐवजी काय लिहिलं जातं? 'क्रेडिट गोज टू ओनर' आणि 'नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड'. चोरी करायचा हेतू नव्हता, असं चोरलेल्या मालावरच लिहून ठेवण्याची ही पद्धत कोणी काढली देव जाणे. कायद्यात तिला शून्य किंमत आहे. आषाढी जवळ आली की मोठ्या गायकाने गायिलेला अभंग रीलखाली लावतात, यूट्यूबवर दावा लागला की ओरड सुरू होते: 'तुकोबांचा अभंग पावणेचारशे वर्षांपूर्वीचा, त्यावर कसला कॉपीराइट?' शब्दांवर नाहीच. पण ती चाल बांधणारा संगीतकार गेल्या शतकातला असेल तर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालीवर हक्क राहतो, आणि ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर साठ वर्षं. अभंग सगळ्यांचा आहे म्हणून स्वतः गावा की! गावातल्या भजनी मंडळाला गायला सांगून, त्यांची परवानगी घेऊन तो लावावा. दावा नुसता कमाई वळवून नेतो. पण तक्रारीवरून नव्वद दिवसांत तीन ठपके बसले तर चॅनेलच बंद होऊ शकतं.

पुस्तकांचा साठ वर्षांचा नियमही इतकाच साधा आहे. लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ला सर्वांचं झालं. मर्ढेकर आणि डॉ. आंबेडकर १९५६चे, म्हणून २०१७. आज कोणीही 'श्यामची आई' वाचून त्याचं श्राव्य पुस्तक करावं, विकावं. नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा आणि मुखपृष्ठ तेवढं उचलू नये, त्यांवर नवा हक्क असतो. पु. ल. मात्र २०००मध्ये गेले. त्यांचं लेखन खुलं व्हायला २०६१ उजाडावं लागेल. तरी टेलिग्रामवर फिरणाऱ्या मराठी पुस्तकांच्या गठ्ठ्यात पु. ल. असतातच, आणि तो गठ्ठा पुढे ढकलणारा स्वतःला मराठीचा सेवक समजतो. २०२२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवणीचं साहित्य असंच वाटणाऱ्या टेलिग्राम चॅनेलांमागच्या लोकांची माहिती देण्याचा आदेश टेलिग्रामला दिला, हे या सेवकांच्या कानावर गेलेलं दिसत नाही. गंमत अशी की गडकरी, बालकवी, ह. ना. आपटे यांच्याकडे, जे बिनघोर वाटता येतात, त्या गठ्ठ्यांचं लक्ष कमीच.

फुकट मिळालेलं सगळं आपलंच राहतं, असं समजणंही भोळेपणाचं. २९ जून २०२०ला टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या मराठी पोरापोरींनी जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. छायाचित्रांसाठी लोकप्रिय असलेल्या अनस्प्लॅशने २०१७ला आणि पिक्साबेने २०१९ला आपले परवाने बदलले. कंपनीच्या मर्जीवर मिळालेलं कंपनी काढून घेऊ शकते. परवाना देऊन मोकळं केलेलं तसं परत घेता येत नाही: क्रिएटिव्ह कॉमन्सखाली एकदा घेतलेली प्रत घेणाऱ्याकडे त्याच अटींवर राहते. म्हणून मूळ फाइल, परवाना आणि उतरवल्याची तारीख जपून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. छायाचित्रकाराने उद्या विचार बदलला तरी अडत नाही.

तक्रारखोरांच्या भात्यात एकच बाण खरा टोकदार आहे, आणि तो ते क्वचितच सोडतात. महाराष्ट्रातल्या बहुतेक पोरांच्या हातात फोन आहे, संगणक नाही. ब्लेंडर फोनवर चालत नाही. अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर ही पद्धत सहा इंचांच्या काचेवर निकालात निघते. शिवाय कुठून सुरुवात करायची, पुढे काय बघायचं, अडलं तर कोणाला विचारायचं हे सांगणारं कोणी नसेल तर माणूस तिसऱ्या धड्यावर गळतो. मोफत अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांतले बहुतेक जण ते पुरे करत नाहीत, हे जगभर दिसलेलं आहे. 'सगळं नेटवर आहे, ज्याला शिकायचंय तो शिकेल' म्हणणाऱ्यांनी उंटावरून शेळ्या हाकणं थांबवावं.

पण यावरचा इलाज आणखी एक ॲप काढणं हा नाही. १९६७च्या कायद्याखाली राज्यात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं आहे, अकरा-बारा हजारांचं. त्यांतल्या कित्येकांकडे संगणक आहे आणि तो वर्गणीच्या पावत्यांपुरता चालतो. त्यावर स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे, शब्दकोश आणि चार मुक्त सॉफ्टवेअर टाकून ठेवायला, भिंतीवर पत्त्यांचा कागद लावायला कुठल्या शासन निर्णयाची वाट पाहायची? परिसंवादातल्या ठरावांत ही मागणी कधी नसते, कारण 'काहीच नाही' म्हणून मोकळं झालं की मागणी करायला काही उरत नाही.

सरकारकडे मागायचं ते निराळंच. आपल्या कायद्यात शासकीय प्रकाशनावरही साठ वर्षं शासनाचा हक्क असतो. संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतं म्हणजे त्यातला उतारा व्हिडिओत वाचता येतो किंवा आकृती गाइडमध्ये छापता येते, असं होत नाही. बालभारतीच्या पुस्तकांना परवानगी लागते ती म्हणूनच. गोवा विद्यापीठाने २०१३मध्ये कोंकणी विश्वकोशाचे खंड क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळे केले. विद्यापीठाचं त्यात काही गेलं नाही, आणि कोंकणी विकिपीडियाला आयता पाया मिळाला. करदात्यांच्या पैशांतून मराठीत जे तयार होतं त्या प्रत्येक पानाखाली 'नाव द्या आणि वापरा' एवढी एक ओळ छापायला लावणं, हा अभिजात भाषेच्या समारंभांपेक्षा जास्त उपयोगी आणि पुष्कळ स्वस्त कार्यक्रम आहे.

बाकीचं काम सरकारवर टाकता येणार नाही. १ जानेवारी २०२७ला सावरकरांचं लेखन खुलं होईल. २०३०ला आचार्य अत्रे आणि अण्णा भाऊ साठे. जे आधीच खुलं झालंय त्यातलं बरंचसं अजून स्कॅनच्या चित्रांत अडकलेलं आहे. मराठी विकिस्रोतावर ते एकेक पान करून सोडवलं जातं: यंत्राने ओळखलेला मजकूर डावीकडे, मूळ पान उजवीकडे. यंत्र 'ष' आणि 'प'मध्ये गोंधळतं, रफार भलत्याच अक्षरावर टाकतं. कोणीतरी ते दुरुस्त केलं की पान पिवळं होतं आणि दुसऱ्या कोणी तपासलं की हिरवं. पिवळं करणाऱ्यालाच ते हिरवं करता येत नाही. एका पानाला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि हे काम फोनवरही जमतं. मराठीत काहीच नाही असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी इथून सुरुवात करावी. खातं उघडायला ई-मेलचा पत्तासुद्धा सक्तीचा नाही.